ज्याचं जळतं, त्यालाच विचारा!

शेतकरी बंधूंनो, ऊस-कांदा सोडून आज या पानावर विमानतळाची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. मुलगा दुबईला, लेक-जावई अमेरिकेत, अशी घरे आता तालुक्या-तालुक्यात आहेत. नातवंडाचं तोंड बघायला निघालेली आजी गुडघ्यांनी बेजार असते. विमानतळावर किती चालावे लागते, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

फेब्रुवारी 2024 मधील मुंबईची घटना आठवा. न्यूयॉर्कहून उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन व्हीलचेअर आधीच सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एकच. पत्नीला तीत बसवून 80 वर्षांचे ते गृहस्थ पायी निघाले, पासपोर्ट तपासणीपाशी कोसळले, आणि वाचले नाहीत. विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला 30 लाख रुपये दंड केला. दंड झाला, पण गेलेला माणूस थोडाच परत येतो? मग अशी वेळ येऊच नये म्हणून काय करायचे? थोडे उत्तर लंडनच्या विमानतळांवर सापडते.

कायद्यानेच विचारायला लावले

युरोपात 2006 साली अपंग विमान प्रवाशांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी मोलाच्या. एक, विमानतळावरची मदत फुकट. तिचा खर्च त्या प्रवाशाकडून घ्यायचा नाही, तर एकूण प्रवासीसंख्येच्या हिशोबाने विमान कंपन्यांकडून घ्यायचा. दुसरी, मोठ्या विमानतळांनी सेवेचा दर्जा ठरवताना अपंगांच्या संघटनांना सोबत घ्यायचे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी हा नियम तिथे टिकला.

नियम होता, तरी 2017 साली ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने लंडनच्या हीथ्रो विमानतळाला अपंगसेवेबाबत ‘वाईट’ असा शेरा दिला. जगातल्या नामांकित विमानतळाची ही गत! त्याच वर्षी हीथ्रोने एक सल्लागार गट नेमला. अपंगत्वाचा स्वतःचा अनुभव असलेली माणसे त्यात घेतली.

आता तुम्ही विचाराल, ही माणसे असे काय सांगतात, जे इंजिनिअरला कळत नाही? असे सल्लागार जी कामे दाखवतात ती साधीच असतात. अपंगांच्या संडासात मदतीसाठी लाल दोरी असते. झाडलोट करणारा माणूस ती अडचण नको म्हणून वर बांधून ठेवतो. पण पडलेला माणूस जमिनीवर असतो! दोरी जमिनीपर्यंत लोंबलेलीच हवी. विस्मरणाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला काळेभोर पायपुसणे खड्ड्यासारखे दिसते आणि त्याचे पाऊल अडते. बहिऱ्या प्रवाशाला भोंग्यावरची सूचना काय कामाची? तीच सूचना फलकावर हवी. यातल्या कशालाच कोटीभर रुपये लागत नाहीत, लागतो तो विचारण्याचा मोकळेपणा.

सूर्यफुलाची खूण

काही अपंगत्व दिसतच नाही. स्वमग्न मूल गर्दी-गोंगाटाने बिथरते आणि लोक म्हणतात, ‘पोरगं लाडावलंय.’ यावर लंडनच्याच गॅटविक विमानतळाने 2016 साली उपाय काढला. हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुले छापली आणि तो पट्टा गळ्यात घालायला दिला. पट्टा दिसला की कर्मचाऱ्याने ओळखायचे : या माणसाला थोडा जास्त वेळ द्यायचा, घाई करायची नाही. दाखला मागायचा नाही. ही खूण आता जगातल्या कितीतरी विमानतळांवर चालते.

मात्र, समिती नेमली म्हणजे काम फत्ते झाले असे समजू नका. बीबीसीचे पत्रकार फ्रँक गार्डनर 2004 साली सौदी अरेबियात झालेल्या गोळीबारानंतर व्हीलचेअरवर आहेत. मार्च 2018 मध्ये हीथ्रोवर सारे प्रवासी उतरले, पण त्यांची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत आलीच नाही. ते तासाहून अधिक काळ आत अडकले. 2022 साली पुन्हा तोच प्रकार. खुर्ची हेच ज्याचे पाय, त्याला खुर्चीविना ठेवणे म्हणजे काय, ते त्याच्याच तोंडून जगाने ऐकले. सल्ला घेणे सोपे, तो रोजच्या पाळीतल्या शेवटच्या कामगारापर्यंत पोचवणे अवघड.

आपल्याकडे काय?

फेब्रुवारी 2012 मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवले गेले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी नवा दिव्यांग हक्क कायदा आला आणि 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांचे 21 प्रकार झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये तर न्यायालयाने स्पष्टच बजावले की, सुगम्यतेचे नियम मर्जीवर सोडता येणार नाहीत, ते सक्तीचेच हवेत.

तुमच्या घरचे कोणी विमानाने जाणार असेल, तर तिकीट काढतानाच मदत सांगा; निदान 48 तास आधी तरी कळवाच. नुसते ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणू नका. मदतीचे तीन प्रकार असतात : लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, जिना चढवत नाही पण विमानात सीटपर्यंत जाता येते, आणि अजिबात चालता येत नाही. यातला कोणता, ते नेमके सांगा.

आणि सरपंच, भाऊसाहेब, एक गोष्ट तुमच्यासाठी. उताराचे माप विमानतळाला जे, तेच ग्रामपंचायतीला : 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. म्हणजे कचेरीचा ओटा 2 फुटांचा असेल, तर उतार 24 फुटांचा हवा. पाच-सहा फुटांत उरकलेल्या घसरगुंडीवरून तीनचाकी वर जात नाही, माणूस मात्र खाली येतो. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी तुमच्या हातात आहेच. तो खर्च करायच्या आधी गावातल्या कुबडीवाल्याला, तीनचाकीवाल्याला, आंधळ्या आजोबांना ग्रामसभेत पुढे बसवा आणि त्यांना काय हवे ते विचारा. गवंडी त्यानंतर बोलवा.