पातेल्यातले लिटर खरे किती?

घरी बीअर बनवण्याचा छंद अमेरिका-ब्रिटनमध्ये चांगलाच रुजलेला आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं त्याला केंद्रीय पातळीवर मुभा दिली. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, म्हणून आजचं उदाहरण तिकडचंच. प्रश्न मात्र मोजमापाचा आहे: भांड्यात द्रव नक्की किती आहे, हे कळणार कसं?

आता म्हणाल, लिटरभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं? बघा. बाटल्या भरण्याआधी बीअरमध्ये थोडी साखर घालतात. यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू तयार होतो. समजा, १९ लिटर आहे असं धरून १२० ग्रॅम साखर घातली, म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम. प्रत्यक्षात बीअर १६ लिटरच असेल तर तीच साखर लिटरला ७.५ ग्रॅम पडते. दाब वाढतो, आणि काच कच्ची असेल तर बाटली फुटूही शकते.

चुका होतात कुठे? पहिली गोष्ट गॅलनची. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकन ३.७९ चा. म्हणजे पाच गॅलनची कृती एकीकडे २२.७ लिटरची होते, दुसरीकडे १८.९ ची. दुसरी गोष्ट, बादलीवरच्या छापील खुणा. त्या तपासल्याशिवाय खऱ्या धरू नयेत. तिसरी, रुंद भांडं. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात एक सेंटिमीटर उंची म्हणजे साधारण एक लिटर! नजर थोडी तिरकी गेली की पाव लिटर इकडचं तिकडे.

मग उपाय काय? वजनकाटा. तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असं दोन्ही छापलेलं आपण पाहतो. पाण्याचा हिशेब तर त्याहून सोपा. साध्या तापमानाला एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरतं. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. पातेलं सपाट जागी ठेवायचं. रिकामा जग काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. दोन-दोन किलो पाणी मोजून ओतायचं आणि दर वेळी स्टीलची पट्टी तळापर्यंत उभी धरून उंची लिहून घ्यायची. तळ गोलसर असला, तोटी वर असली, तरी हा तक्ता बरोबरच येतो, कारण इथे सूत्र लावलेलंच नाही. तोटीखाली किती उरतं, तेही एकदा वेगळं मोजून ठेवायचं.

आता शेवटचा मुद्दा, तापमानाचा. पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलं की सुमारे चार टक्के फुगतं. उकळत्या पातेल्यात २५ लिटर दिसले, तर गार झाल्यावर ते २४ भरतील. हा एक लिटर वाफ होऊन गेलेला नाही, नुसता आक्रसलेला आहे. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहायचं.

आणि माल्टचा गोड काढा मोजायचा असेल तर? त्याची घनता १.०५० असेल, तर किलोंना १.०५ नं भागायचं. २१ किलो म्हणजे २० लिटर.

एका दुपारचं हे काम. पण एकदा तक्ता तयार झाला की पुढच्या प्रत्येक वेळी साखर अंदाजानं नाही, हिशेबानं पडते.