'रोल धुवायला टाकलाय' म्हणजे काय?
घरात हे वाक्य कधी ऐकलंय? फोटो खरंच धुतले जायचे, डार्करूममध्ये. दिवा लाल, कारण ब्लॅक अँड व्हाइट कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नाही. एन्लार्जरमधून निगेटिव्हचा प्रकाश कागदावर पाडायचा. मग तीन ट्रे: डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं, स्टॉप बाथमध्ये ती क्रिया थांबते, फिक्सरमध्ये म्हणजे हायपोत ते पक्कं होतं. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात, हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं.

फोटोशॉपमधले 'डॉज' आणि 'बर्न'ही इथलेच! हाताने प्रकाश अडवला की तो भाग उजळ, जास्त दिला की गडद.

माजलगावात जुने फोटोग्राफर काका ओळखीचे असतील, तर एकदा जाऊन विचारा. अल्बम कपाटात राहील, पण ही भाषा त्यांच्यासोबतच जाईल.