मुंबई ते लंडन : तिकिटावरील वेळ आणि प्रवासाची वेळ

कापडाच्या धंद्यात परदेशी गिऱ्हाईक जोडायचे तर नमुने घेऊन स्वतः जावे लागते. परंतु पहिल्यांदा जाणारे आमचे कित्येक व्यापारी बंधू तिकीट चुकीचे वाचतात. हिवाळ्याच्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ दुपारी 1 आणि लंडनला पोहोचण्याची सायंकाळी 5.30 असली, की प्रवास साडेचार तासांचा असे त्यांना वाटते. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा; तो बराच उत्तरेकडून जातो. तोच सर्वांत जवळचा मार्ग. विमानाला मात्र वळसा घ्यावा लागतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, हे त्याचे एक कारण.

मोठे विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने 8 तास पुरावेत. परंतु दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. म्हणून जाण्यास सुमारे 10 तास आणि येण्यास सुमारे 9 तास लागतात. 8 जून 1948 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान कैरो व जिनिव्हामार्गे 10 जूनला लंडनला पोहोचले होते!

मग साडेचार तास कोठून आले? तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. दहातून साडेपाच गेले, उरले साडेचार. परतताना उलट होते. रात्री 9 ला निघालेले विमान मुंबईत सकाळी 11.30 ला उतरते. दिसतात साडेचौदा तास, प्रवास नऊचाच.

आणखी एक मेख आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. या मधल्या काळात फरक साडेचार तासांचाच राहतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आम्ही लंडनमध्ये होतो. हातावरचे घड्याळ पुढे केले नाही. सोमवारी दहाच्या भेटीला आम्ही आमच्या मते वेळेवर, पण प्रत्यक्षात अकराला पोहोचलो. तोवर चादरींचा सौदा दुसऱ्याशी ठरला होता. आज मोबाईल वेळ आपोआप बदलतो, तरी भेट ठरवताना हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उतरल्यावरची तपासणी आणि शहरापर्यंतचा रस्ता धरला तर घर ते मुक्काम पंधरा-सोळा तास होतात. तेव्हा उतरण्याच्या दिवशी भेट ठेवू नये. एका रात्रीचे भाडे गेलेल्या सौद्यापेक्षा स्वस्त पडते.