विश्लेषण : व्हायकिंग वारसा पाहायला जाताय? मूळ काय, प्रतिकृती काय आणि ओस्लोचे संग्रहालय बंद का?

वेब मालिका आणि मोबाइल गेममुळे व्हायकिंग हे नाव सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. उत्तर युरोपच्या सहलीला जाणारे अनेक जण त्यांची जहाजे, थडगी आणि जुनी गावे पाहण्याचे ठरवतात. मात्र जगातील सर्वाधिक प्रसिद्ध व्हायकिंग जहाजे ज्या ओस्लोच्या संग्रहालयात आहेत, ते २०२२ पासून बंद आहे. हजार वर्षांहून अधिक काळ मातीत टिकलेले लाकूड बाहेर काढल्यानंतरच्या शंभर वर्षांत धोक्यात आले, हे त्यामागचे कारण. हा वारसा नेमका कशात आहे, तो का ढासळतो आहे आणि प्रवाशाने काय पाहावे, याचा हा आढावा.

व्हायकिंग नेमके कोण?

आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ व्हायकिंग युग मानला जातो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न मठावर ७९३ मध्ये झालेला हल्ला ही त्याची सुरुवात, तर १०६६ मधील स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई हा शेवट, असे साधारणपणे धरतात. ‘व्हायकिंग’ हे एखाद्या वंशाचे किंवा देशाचे नाव नव्हते. समुद्रमार्गे लुटीच्या मोहिमेवर जाणाऱ्यांसाठी तो शब्द होता. आजच्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधील त्या काळचे बहुतेक लोक शेतकरी, मच्छीमार, कारागीर आणि व्यापारी होते. पश्चिमेला ते आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंडपर्यंत गेले. पूर्वेला नद्यांच्या मार्गाने त्यांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल गाठले. तेथील हागिया सोफियाच्या संगमरवरी कठड्यावर कोणा हाफडानने रून लिपीत कोरलेले नाव आजही दिसते.

हे लोक प्रामुख्याने लाकडात बांधत. त्यामुळे भव्य राजवाडे किंवा दगडी किल्ले पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्याची निराशा होते. मागे उरले ते मातीचे उंचवटे, कोरलेले दगड, धातूच्या वस्तू आणि पुरलेली किंवा बुडालेली जहाजे.

ओस्लोचे संग्रहालय बंद का?

ओस्लोच्या ब्युग्डॉय द्वीपकल्पावर १९२६ मध्ये व्हायकिंग जहाज संग्रहालय उघडले. गोकस्टाड, ओसेबर्ग आणि ट्युन ही तिन्ही जहाजे थडग्यांत सापडलेली. त्यातील ओसेबर्ग जहाज १९०४ मध्ये उत्खननातून बाहेर आले. सुमारे २१.५ मीटर लांबीचे हे ओक लाकडाचे जहाज ८२० च्या सुमारास बांधले गेले आणि ८३४ मध्ये दोन स्त्रियांच्या दफनासाठी वापरले गेले. सोबत कोरीव काम केलेली गाडी, बर्फावरून ओढायच्या घसरगाड्या, कापड आणि घरगुती भांडीही मिळाली. ही थडगी भरपूर चिकणमाती आणि गवताच्या थरांखाली असल्याने तिथे हवा पोहोचली नाही आणि लाकूड कुजले नाही.

करोनापूर्व काळात वर्षाला पाच लाखांच्या आसपास पर्यटक ही जहाजे पाहायला येत. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीला ही गर्दी पेलणे अवघड होते. गर्दीमुळे हवेतील आर्द्रता आणि तापमान सतत बदलते, तसे लाकूड आकुंचन आणि प्रसरण पावते. जहाज मोजक्या आधारांवर उभे असल्याने स्वतःच्याच वजनाने त्याच्या फळ्यांना तडे जातात. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये संग्रहालय बंद करून नव्या वास्तूचे काम हाती घेण्यात आले. बांधकामाच्या हादऱ्यांपासून जपण्यासाठी जहाजांभोवती पोलादी सांगाडे उभारले गेले. २०२५ मध्ये ओसेबर्ग जहाज अतिशय संथ गतीने नव्या दालनात हलवण्यात आले. हे संग्रहालय २०२७ मध्ये नव्या नावाने खुले करण्याचे नियोजन आहे.

तुरटीने वारशाचे नुकसान कसे केले?

ओसेबर्गची खरी डोकेदुखी जहाजापेक्षा त्यातील छोट्या लाकडी वस्तूंची आहे. शेकडो वर्षे पाण्यात भिजलेल्या लाकडात पेशींच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात आणि त्यांना आतून पाण्याचाच आधार असतो. असे लाकूड नुसते वाळवले तर ते आक्रसते आणि चुरगळते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वांत नाजूक वस्तू तुरटीच्या गरम द्रावणात बुडवून ठेवण्यात आल्या. पाण्याची जागा तुरटीने घेतली, थंड झाल्यावर तिचे स्फटिक बनले आणि वस्तूचा आकार टिकला. त्या काळी ही मान्य पद्धत होती.

पण तुरटीचे द्रावण तापवताना सल्फ्युरिक आम्ल तयार झाले आणि तेही लाकडात मुरले. काही वस्तूंच्या आतील लाकडाचा सामू आज एकच्या आसपास, म्हणजे अत्यंत आम्लधर्मी आहे. बाहेरचा लेप शाबूत दिसतो, आत मात्र लाकडाचा भुगा होत चालला आहे. ही प्रक्रिया समजून घेऊन ती रोखण्यासाठी २०१४ मध्ये ‘सेव्हिंग ओसेबर्ग’ हा संशोधन प्रकल्प सुरू झाला. जहाजाच्या मुख्य ओक फळ्यांना तुरटी लावलेली नव्हती, म्हणून त्या तुलनेने बऱ्या स्थितीत आहेत.

मग खरी जहाजे कुठे पाहायची?

डेन्मार्कमधील रोस्किल्डे हा पहिला पर्याय. कोपनहेगनहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येते. १०७० च्या सुमारास शत्रूचा मार्ग अडवण्यासाठी स्कुल्डेलेव्ह गावाजवळच्या खाडीत जुनी जहाजे दगड भरून बुडवण्यात आली होती. १९६२ मध्ये त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसले गेले आणि पाच जहाजांचे अवशेष मिळाले. त्यांत युद्धनौका आहेत, मालवाहू जहाजे आहेत आणि मासेमारीची लहान होडीही आहे. ओस्लोची जहाजे थडग्यांत मिळाली, ही मात्र रोजच्या वापरातून थकलेली. इथे तुरटीऐवजी पॉलिइथिलिन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाने लाकडातील पाण्याची जागा घेतली.

या संग्रहालयालाही धोका आहेच. १९६९ चे त्याचे काँक्रीटचे दालन खाडीच्या अगदी काठावर आहे. डिसेंबर २०१३ च्या वादळात पाणी दालनाच्या काचांपर्यंत चढले होते. खारी हवा आणि ओलाव्याने काँक्रीटही जीर्ण झाले, त्यामुळे संरक्षित वास्तूंच्या यादीतून ते वगळण्यात आले आणि नव्या संग्रहालयाची योजना पुढे आली. त्यामुळे कोणते दालन खुले आहे, हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

प्रतिकृती म्हणजे नकली वस्तू का?

रोस्किल्डेमध्ये याचे उत्तर ‘नाही’ असे मिळते. पाचपैकी सुमारे ३० मीटर लांबीच्या युद्धनौकेचे ओक लाकूड आयर्लंडमधील डब्लिन परिसरातले असून ती १०४२ च्या सुमारास बांधली गेली, हे खोडातील वर्षवलये मोजून कळले. तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती संग्रहालयाने बनवली. त्यासाठी करवतीऐवजी कुऱ्हाडी वापरल्या आणि ओंडके धाग्याच्या दिशेने फोडून फळ्या काढल्या. अशा फळ्या पातळ असूनही मजबूत आणि लवचीक राहतात. फळीवर फळी किंचित चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेले हे जहाज लाटेबरोबर थोडे वाकते, म्हणून ते मोडत नाही. २००७ मध्ये ६० च्या आसपास खलाशांनी ही नौका रोस्किल्डेहून डब्लिनला नेली आणि पुढच्या वर्षी परत आणली. वेग, गळती, थकवा यांची नोंद झाली आणि पुस्तकात न मिळणारी माहिती हाती आली. उन्हाळ्यात पर्यटकांनाही इथे पारंपरिक नौका वल्हवता येतात.

कॅनडातील लान्स ओ मेडोजची कथा अशीच. हेल्गे आणि अॅने स्टिने इंगस्टाड या नॉर्वेजियन दाम्पत्याने १९६० मध्ये ही जागा शोधली. मूळ वस्तीच्या जागी आज फक्त गवताने झाकलेले कमी उंचीचे बांध दिसतात. शेजारची मातीची घरे नव्याने बांधलेली आहेत. तेथील लाकूड १०२१ मध्ये तोडले गेले होते, असे संशोधकांनी २०२१ मध्ये सिद्ध केले. म्हणजे कोलंबसच्या आधी सुमारे पावणेपाचशे वर्षे युरोपीय लोक तिथे होते. हे माहीत नसेल तर समोर केवळ माळरान दिसते.

शिंगांचे शिरस्त्राण कुठून आले?

नाटकाच्या रंगमंचावरून. १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइथ येथे वाग्नरच्या संगीतनाट्याच्या प्रयोगासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी वेशभूषा केली आणि शिंगांची प्रतिमा रूढ झाली. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये मिळालेल्या व्हायकिंगकालीन लोखंडी शिरस्त्राणाला शिंगे नाहीत. ते ओस्लोच्या मध्यवर्ती भागातील इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

ही कल्पना निरुपद्रवी आहे. सर्वच कल्पना तशा नसतात. नाझींनी रून चिन्हे गणवेशांवर वापरली. नॉर्वेतील नाझीसमर्थक क्विसलिंग यांच्या पक्षाने बोरे येथील व्हायकिंगकालीन थडग्यांपाशी मेळावे भरवले. आजही काही वंशवादी गट हीच चिन्हे मिरवतात. त्यामुळे दुकानातून रून असलेले लॉकेट किंवा टी-शर्ट घेताना चिन्हाचा अर्थ विचारून घेणे बरे.

मोबाइलमधल्या ब्लूटूथचा संबंध काय?

फोनवरील ब्लूटूथचे चिन्ह दोन रून अक्षरे एकत्र करून बनले आहे. ती दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्या नावाची आद्याक्षरे. त्याने विखुरलेला प्रदेश एकत्र आणला, तसे हे तंत्रज्ञान उपकरणांना जोडेल, अशी त्यामागची कल्पना. डेन्मार्कमधील येलिंग येथे त्याने उभारलेला भव्य शिलालेख आहे. डेन्मार्क जिंकल्याचा आणि डेन लोकांना ख्रिस्ती केल्याचा दावा त्याने त्यावर कोरला आहे. दोन मोठे उंचवटे, दोन रून शिळा आणि चर्च असा हा परिसर १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २०११ मध्ये कोणीतरी शिळांवर हिरवा रंग फवारला. त्याच वर्षी ऊन-पावसापासून संरक्षणासाठी त्यांच्याभोवती काचेचे कवच उभारले गेले.

भारतीय उपखंडाशी काही धागा आहे का?

आहे, आणि तो स्टॉकहोममध्ये पाहता येतो. जवळच्या मेलारेन सरोवरातील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात उत्खननात बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सहाव्या शतकाच्या आसपासची ही मूर्ती काश्मीर किंवा स्वात खोऱ्याच्या परिसरात घडवली गेली, असे मानले जाते. ती आता स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयाकडे आहे. स्वीडनच्याच गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये चांदीचा मोठा साठा मिळाला. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी असून बहुतेक इस्लामी जगातील आहेत. हा सगळा माल अनेक हातांतून, नद्यांच्या मार्गाने उत्तरेत पोहोचला. लुटारूंइतकाच हा व्यापाऱ्यांचाही इतिहास आहे, याचा यापेक्षा ठोस पुरावा नाही.

सहल आखताना काय लक्षात ठेवावे?

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड आणि जर्मनी हे सर्व देश शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीयांना एकच व्हिसा पुरतो. ब्रिटनमधील यॉर्क आणि कॅनडासाठी वेगळा व्हिसा लागतो. खुल्या जागा, पुनर्बांधणी केलेली गावे आणि स्टॉकहोमहून बिरका बेटावर जाणाऱ्या बोटी मुख्यतः उन्हाळ्यात सुरू असतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट हा काळ सोयीचा. जुन्या उंचवट्यांवर आखलेली पायवाट सोडू नये.

वेळ कमी असेल तर रोस्किल्डे, येलिंग आणि स्टॉकहोम एवढे पुरेसे आहे. मूळ जहाजे हेच मुख्य आकर्षण असेल, तर ओस्लोचे तिकीट नवे संग्रहालय उघडल्याची खात्री झाल्यावरच काढावे.