बसऱ्याच्या भिंतीवरचा शिपाई

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या मराठा शिपायाची कबर सहसा सापडत नाही. हिंदू सैनिकांसाठी दहनाची रीत होती. कित्येकांचे तर शवही मिळाले नाही. इराकमधले बसरा स्मारक ज्ञात कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचे आहे. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. हा भेदभावच. शिपायांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत मिळतात: क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, बऱ्याचदा बापाचे नाव, गाव, जिल्हाही. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिल्याने गावाचे नाव ओळखू येईलच असे नाही. त्यापेक्षा पलटण आणि जिल्ह्यावरून शोधणे सोपे. स्मारक पाहायला जाणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे: १९९७मध्ये ते मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्याकडे हलवले गेले.