ताई, रात्री आपलं जेवण आहे ना?

पहाटे ४.३०

होई आनमध्ये साडेचारचा गजर होतो तेव्हा भारतात तीन वाजलेले असतात. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. ग्रुपमधल्या ज्येष्ठांची मनगटी घड्याळं अजून पुण्याच्या वेळेवरच चालतात, ‘औषधांच्या वेळा चुकायला नकोत’ म्हणून. त्यामुळे वेक-अप कॉल मी हॉटेलच्या भरवशावर सोडत नाही, दारं वाजवते. त्याला अजून तासभर अवकाश आहे.

आज टूरचा पाचवा दिवस. हनोई झालं, हा लाँगच्या खाडीत बोटीवरची रात्र झाली, काल दा नांगला उतरलो. उद्या दुपारी सायगाव. मधला हा एक दिवस मी ऑफिसात भांडून मागून घेतलेला असतो, आणि तारखा ठरतात तेव्हा कालनिर्णय उघडून बसते. होई आनच्या जुन्या गावात चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवतात आणि कंदील लावतात. त्यांची चौदावी म्हणजे आपली शुक्ल चतुर्दशी, कधी एखाद्या दिवसाचा फरक. मार्केटिंगवाल्यांना यात फोटो दिसतात. मला दिसतं ते जेवण. पौर्णिमेला आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी इथली बौद्ध घरं शाकाहार पाळतात, काही जण आदल्या दिवसापासूनच सुरुवात करतात. म्हणजे वर्षभर ज्या देशात शाकाहारी माणसाला भाताबरोबर काय खायचं हा प्रश्न पडतो, त्या देशात आजउद्या गाड्यागाड्यांवर ‘चाय’ अशी पाटी दिसेल. आपला चहा नव्हे, शाकाहारी अन्न.

५.००

बाजाराच्या कडेला, घोट्याएवढ्या उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कॉफी. पेल्यावर ठेवलेल्या अॅल्युमिनियमच्या गाळणीतून ती थेंबथेंब उतरते, खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर. कॉफीचं झाड इथे १८५७च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी आणलं. आज कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर लागतो, आणि त्यात मोठा वाटा रोबस्टाचा. कडू, जाड, झोप उडवणारी. ही दहा मिनिटं माझी. समोर बायका शेवंतीच्या जुड्या आणि केळ्यांच्या फण्या लावून बसल्यात, उद्याच्या पूजेची खरेदी चालू आहे.

कॉफी संपेपर्यंत यादी काढते. अठ्ठावीस माणसं. सोळा शाकाहारी, त्यांतले तिघे कांदा-लसूणही न खाणारे. उरलेल्या बारांपैकी पाच जणांचा आज गुरुवार, म्हणजे तेही शाकाहारी. एक काका ‘फक्त मासे’. एक मुलगा ‘काहीही’, त्याचं मला फार कौतुक.

५.३० ते ७.००

दारं, नाश्ता, हेडकाउंट. बुफेत फोच्या काउंटरवर आमची माणसं नुसत्या नूडल्स घेऊन वर लोणचं घालतात, कारण पातेल्यातला रस्सा हाडांचा. डब्यांतून मेथीचे ठेपले निघतात. हॉटेलवाल्यांना ते आवडत नाही. मी काल रात्रीच मॅनेजरशी बोलून ठेवलंय.

७.००

कोच सुटतो. माइक आधी गाईडकडे. व्हिएतनामच्या कायद्याने गाईडचं कार्ड तिथल्या नागरिकालाच मिळतं. तो इंग्रजीत सांगतो, मी मराठीत, आणि भाषांतरात मी थोडं माझंही घालते हे त्याला एव्हाना कळून चुकलंय. तो मला ‘चि’ म्हणतो, मोठी बहीण. ग्रुप ताई म्हणतो. दोन्हीकडून बहीणच, त्यामुळे तक्रारीही दोन्हीकडून येतात.

मी सोनची जुनी देवळं इथून चाळीसेक किलोमीटर, तासाभराचा रस्ता. भातखाचरं सुरू झाली की ठरलेला प्रश्न येतो. आज तो साताऱ्याच्या काकांनी विचारला: “ताई, सायगावला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे ना? तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी म्हटलंय म्हणे, महाराजांचं चरित्र वाचून आम्ही अमेरिकेला हरवलं?” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्याला कसलाही आधार नाही. पूर्वी मी एवढंच सांगून थांबायची आणि बसमध्ये दहा मिनिटं सुतक पडायचं. आता सांगते, पुतळा आहे, पण त्यांच्या माणसाचा. सायगावच्या नदीकाठच्या चौकात चान हुंग दाओ उभा आहे, तेराव्या शतकातला सेनापती. १२८८मध्ये बाक दांग नदीच्या पात्रात त्याने लोखंडी टोकांचे लाकडी खांब रोवून ठेवले, भरतीच्या पाण्यात मंगोलांची जहाजं आत ओढली, आणि ओहोटी लागली तशी ती त्या खांबांवर रुतली. काका क्षणभर गप्प, मग मागे वळून बायकोला म्हणाले, “गनिमी कावाच की गं.” उद्या त्या पुतळ्याजवळ कोच पाच मिनिटं थांबवावा लागणार.

८.१५

मी सोनला ऊन चढायच्या आत पोचायचं, दहानंतर ज्येष्ठांचे हाल होतात. चारी बाजूंनी डोंगर आणि मधल्या खोऱ्यात विटांची देवळं. चौथ्या शतकात चंपाच्या भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं, म्हणजे शिवाचं, देऊळ बांधलं. ते जळालं, सातव्या शतकात शंभुवर्मनने पुन्हा उभारलं. राजाने आपल्या नावाला ईश्वर जोडून देवाला नाव द्यायची पद्धत. तेराव्या शतकापर्यंत इथे भर पडत गेली. शिलालेखही आहेत, संस्कृत आणि चाम भाषेतले. एवढं ऐकलं की आमच्या ग्रुपची छाती फुगते आणि कुणीतरी म्हणतंच, “म्हणजे हे सगळं आपलंच!” इथे मी जरा अडते. चंपा हे भारतातून कुणी येऊन वसवलेलं राज्य नव्हतं. चाम ही इथलीच, समुद्रावर वावरणारी माणसं; देव त्यांनी व्यापाराच्या वाटेवर घेतला आणि आपल्या विटांत बसवला. त्यांचे वंशज आजही दक्षिणेच्या किनाऱ्याकडे आहेत. त्यांतले काही मुसलमान आहेत, काही अजून आपल्या देवळांत काते नावाचा सण करतात.

विटांचं नवल मात्र कुणालाही वाटावं. दोन विटांमध्ये चुना-मसाला दिसतच नाही. झाडाचा डिंक होता की विटा घासून बसवल्या, यावर अभ्यासकांचे वाद झालेत. गाईड जुन्या भिंतीवर हात ठेवायला लावतो, मग शेजारचा नव्या विटांचा तुकडा दाखवतो. जुनी वीट कोरडी आणि लाल, नवीवर शेवाळ.

मग तो हिरवळीतले वाटोळे खड्डे दाखवतो. ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकन विमानांनी या खोऱ्यावर बॉम्ब टाकले, कारण व्हिएत काँगने इथे तळ केला होता. ए-वन हे जवळजवळ २४ मीटर उंचीचं मुख्य देऊळ त्यात गेलं. देवळांना ए, बी, सी ही नावं फ्रेंच अभ्यासकांची. देवांची नावं बाजूला राहिली आणि अक्षरं टिकली. युद्धानंतर काझिमिएश क्वियात्कोव्स्की हा पोलिश वास्तुतज्ज्ञ इथे येऊन राबला. अलीकडच्या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही देवळांची डागडुजी केली, आणि त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं.

शाळुंकेसमोर एक आजी बाटलीतलं पाणी ओतायला वाकल्या. पहारेकऱ्याने हात आडवा केला. मी आजींना म्हटलं, लांबून नमस्कार करा, पाणी तुम्ही प्या. त्या प्यायल्या, थोडं हातावर घेऊन डोळ्यांनाही लावलं. पहारेकरी हसला.

११.१५

त्रा क्वे, होई आनच्या वेशीवरचं भाजीचं गाव. मला विचाराल तर अख्ख्या टूरमधला हा सगळ्यात मोलाचा थांबा, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याला एक ओळ दिलेली असते.

वाफे अरुंद, माती वाळूची, खत म्हणजे जवळच्या पाण्यातलं शेवाळ. गाववाले खांद्यावर कावड घेऊन दोन झाऱ्यांनी पाणी घालतात. पर्यटकांनाही कावड देतात. आमच्या काकांनी ती इतक्या सराईतपणे उचलली की शेतकरीणबाई बघत राहिल्या. मग पानं. व्हिएतनामी ताटात हिरवा पाला सजावटीपुरता नसतो, तो मूठमूठ खायचा असतो, कच्चा. जांभळं तिया तो, तिखटसर राउ राम, कोथिंबिरीच्या वासाचं लांब दातेरी पान, तुळशीच्या जवळची हुंग क्वे. बायका पान चुरगळून वास घेतात आणि आपापसांत कुळ ठरवतात. एका पानाला मात्र कच्च्या मासळीचा वास येतो. दिएप का. ते शंभर टक्के शाकाहारी आहे हे मी आधीच सांगितलं होतं, तरी औरंगाबादच्या वहिनींनी ते तोंडात घातलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा धर्म बुडवला.

मग चूल. बान्ह सेओ शिकवतात: तांदळाच्या पिठात हळद, तापल्या तव्यावर पातळ ओतायचं, चुर्र झालं पाहिजे. एरवी त्यात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, आज सगळ्यांसाठी मशरूम आणि मोड आलेले मूग. “अहो, हे तर घावन!” चार बायका एकदम. आणि खरोखर त्यांचं उलथणं शिकवणाऱ्या मुलीपेक्षा बरं होतं. फरक पुढे आहे. ते तोडून तांदळाच्या कागदासारख्या पापडीत पाल्यासकट गुंडाळायचं आणि चटणीत बुडवून खायचं. घावन नारळाच्या रसात बुडवणारी माणसं इथे अडत नाहीत.

चटणीपाशी माझं खरं काम. एरवी ती नुओक माम, म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेल्या मासळीचा अर्क, त्यात लिंबू, साखर, मिरची, लसूण. इथल्या स्वयंपाकात तो आपल्या फोडणीइतका सर्वत्र. ‘नो मीट’ सांगितलं की मांस निघतं, अर्क राहतो. ‘आन चाय’ म्हटलं की स्वयंपाकघराला एकदम कळतं, कारण मग मामला आवडीचा नसून व्रताचा होतो. विहारांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे आमच्या तिघांची सोय मी पुण्यातल्यापेक्षा इथे लवकर लावू शकते. सोयाबीनच्या चटणीची वाटी आली, मी वास घेऊन पाहिला, मगच ती पुढे सरकली.

१.४५ ते ४.००

ग्रुप झोपतो. मी पावत्या लावते, सायगावच्या हॉटेलला रूमिंग लिस्ट पुन्हा पाठवते, उद्याच्या विमानाच्या बॅगांची वजनं विचारते. जुलै २०२५मध्ये इथला क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला, तेव्हापासून व्हाउचरवर एकाच हॉटेलचे दोन पत्ते येतात आणि मुंबई ऑफिस मला विचारतं की हॉटेल बदललं का. काकूंची एक नोट हरवली, ती पर्सच्या दुसऱ्या कप्प्यात सापडली. वीस हजार डोंगची नोट निळी, पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह. पहिल्याच दिवशी मी दोन्ही हातात धरून दाखवते, तरी रोज एकदा जीव खालीवर होतो. तीनशेच्या आसपास डोंग म्हणजे एक रुपया, हा हिशोब मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

४.३०

जुनं गाव. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांची पेठ होती. पुढे नदी गाळाने भरली, जहाजं दा नांगला गेली, आणि गरिबी आल्यामुळे घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा राहिला नाही. म्हणून १९९९मध्ये युनेस्कोला यादीत घालायला अख्खं गाव मिळालं. मी सोनही त्याच वर्षी. जपानी पूल दुरुस्तीनंतर २०२४मध्ये पुन्हा खुला झाला; एका टोकाला माकडं, दुसऱ्या टोकाला कुत्रे. तान की घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, १९६४ची डोक्याच्या वर. सांगलीचे लोक तिथे सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

शिंप्यांकडे तासभर. सूट एका दिवसात शिवून मिळतो. एका मावशींनी आओ दाय या इथल्या पोशाखाच्या रेशमाचं साडीवरचं ब्लाउज शिवायला टाकलं, मापाला अंगावरचंच दाखवलं. उद्या सकाळी नऊला मिळणार.

६.१५

दिवे गेले. गर्दी दाट. हेडकाउंट पुलाच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. नदीत कागदी दिवे सोडणं ऐच्छिक. मी आग्रह करत नाही, कारण तो सगळा कागद उद्या कुणालातरी उचलावा लागतो.

७.३०

“ताई, रात्री आपलं जेवण आहे ना?” हा प्रश्न दुपारी तिसरं घावन संपवणाऱ्या काकांचाच.

आहे. करारातच आहे, रोज रात्री भारतीय जेवण. पनीर, डाळ, जिरा राईस, गुलाबजाम. हनोईत हेच होतं, सायगावातही हेच असेल. मी याच्या विरोधात आहे आणि त्याशिवाय टूर भरत नाही हेही मला माहीत आहे. दिवसभर उन्हात चाललेल्या सत्तरीच्या माणसाला रात्री पोळी हवी असते, यात हसण्यासारखं काही नाही. पण बाहेर गल्लीत आज चायच्या गाड्या लागल्यात, काओ लाउच्या जाड नूडल्स आज टोफू घालून मिळताहेत, आणि आम्ही एसीत बसून पंजाबी भाजी खातोय. हे काही मला पचत नाही.

म्हणून गुलाबजाम यायच्या आधी उभी राहिले. उद्या पौर्णिमा, सायगावात कुणाला चाय जेवायचंय? सोयाबीनचं खोटं चिकन दिसेल, दचकायचं नाही, एवढं आधीच सांगितलं. सतरा हात वर. दुपारच्या पानावरून चिडलेल्या वहिनींचाही. “ते पान सोडून,” म्हणाल्या.

९.४५

सायगावच्या गाईडला फोन. अकरा जण भारतीय हॉटेलात, सतरा जण चाय, त्यात तिघांना कांदा-लसूण नाही. तो म्हणतो, पौर्णिमेच्या रात्री चायची हॉटेलं भरलेली असतात, साडेसहाच्या आत आलात तर टेबल धरतो. विमान तीन वीसला उतरतं. म्हणजे चान हुंग दाओचा थांबा परवा सकाळी. सातारच्या काकांना हे आत्ताच सांगून टाकते, दार अजून उघडं दिसतंय.