रिमोटची बॅटरी आणि नागपूरचा वैशाख

परवा एका एन.सी.सी. छात्राने रेडिओ-नियंत्रित विमानाचा आपला जुना रिमोट मजपुढे ठेवला; आत निकेल-मेटल-हायड्राइडचे आठ सेल, म्हणजे ९.६ व्होल्ट.

नागपुरी वैशाखात पारा ४५ अंशांवर जाताच असले सेल कपाटात पडल्यापडल्याच झपाट्याने रिते होतात. तस्मात् दोन लिथियम-आयन सेलांचा ७.४ व्होल्टचा संच श्रेयस्कर, मात्र रिमोटला तो मानवतो काय, याची पुस्तिकेवरून खातरजमा करावी, आणि निकेलचा चार्जर त्यास हरगीज लावू नये.

खरी मेख इशाऱ्याच्या भोंग्यात आहे: तो साडेआठ व्होल्टांवर बांधलेला असेल, तर ८.४ व्होल्टांपर्यंत पूर्ण भरलेल्या नव्या संचावरही बोंबलत राहील.

इशारा सातावर आणावा. ती सोय नसल्यास लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या तीन सेलांचा ९.९ व्होल्टचा संच बरा.

शंका असल्यास रिमोटच्या नमुन्यासह अवश्य विचाराव्यात.